जेल की इंजेक्शन, हे नंतर

जेल घेऊ, इंजेक्शन घेऊ की कॅप्सूल? टेस्टोस्टेरॉनची चौकशी करणारा तिशीतला गडी हमखास इथून सुरुवात करतो. अरे बाबा, आधी हे सांग, मूल हवंय का? हे हार्मोन बाहेरून आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना निरोप धाडायचंच बंद करते आणि शुक्राणू आटतात. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं, ते कशासाठी? गर्भनिरोधक म्हणून! सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडेना. आणि बाळाची वाट बघणाऱ्या नवऱ्याला ‘ताकद येईल’ म्हणून हेच टोचायचं? संताप येतो. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण महिने जातात. तोवर बायकोचं वय थांबत नाही.

मुलाचा विचार नाही, सकाळी दोनदा रक्त तपासून पातळी खरंच कमी आलीय, त्रासही होतोय? मग बोलू. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन स्वस्त, पण पहिले काही दिवस अंगात वारं भरतं आणि पुढची सुई येईस्तोवर माणूस पार मलूल. १००० मिलिग्रॅमचं मोठं इंजेक्शन दहा ते चौदा आठवडे पुरतं. मात्र ते चार मिलिलिटर तेल कुल्ल्यात अगदी सावकाश सोडावं लागतं. कॅप्सूल उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर गिळली तर पैसे पाण्यात. ती तेला-तुपाच्या जेवणाबरोबरच अंगी लागते.

जेलनं पातळी बऱ्यापैकी स्थिर राहते. पण सकाळी खांद्याला जेल चोळलं आणि लगेच लेकीला उचलून तिचं डोकं त्याच खांद्यावर टेकवलं, तर औषध तिच्या अंगात जातं. लहान मुलांना अवेळी जांघेत केस आल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये जेलवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. हात साबणानं धुवा, जेल वाळू द्या, सदरा चढवा, मग पोरीला घ्या.

काहीही घेतलं तरी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, तपासत राहा. ते ५४ टक्क्यांवर गेलं तर रक्त फार दाट झालंय, औषध थांबवायचं. इंजेक्शनवाल्यांनी जास्तच सांभाळावं.

आणि मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. दोष पिट्युटरीत असेल तर वृषणांकडूनच काम करून घेणारी एचसीजीसारखी इंजेक्शनं आहेत.