झोपाळ्याचे स्क्रू आणि तुमचे चिरंजीव

मिल्टन, ऑन्टारिओ

तीर्थरूप आई-बाबांना,


रविवारी फोनवर मागून तो ‘टर्रर्र’ आवाज येत होता आणि आई विचारत होत्या, “अगं, मिक्सर बिघडलाय का?” मिक्सर ठणठणीत आहे. तुमच्या चिरंजीवांनी कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतलाय. तो चालू असताना फोन ऐकू येत नाही आणि बंद असतो तेव्हा अमोल त्याचंच कौतुक सांगत बसतो, मला बोलू देत नाही. म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्हाला पटकन कळेल. डेपोत चाकाचे नट खोलायला हवेवर चालणारी गन असायची ना, त्याच जातीचं हे, फक्त बॅटरीवरचं आणि एका हातात मावणारं. आत एक हातोडी आणि एक ऐरण असते. स्क्रू निमूटपणे आत जातोय तोवर दोघी एकत्र फिरतात. लाकडाने अडवलं, की हातोडी स्प्रिंग दाबत मागे सरकते, ऐरणीवरून निसटते आणि फिरता फिरताच तिला बाजूने ठोसा देते. मिनिटाला तीन हजारांच्या वर ठोसे! ते सगळे स्क्रूला बसतात, आपल्या मनगटाला पीळ बसत नाही. साध्या ड्रिलने लांब स्क्रू मारताना मध्येच अडकला तर हातच मुरगळतो. याने चार इंची स्क्रू मी स्वतः बसवलाय आणि त्याच हाताने नंतर पोळ्या लाटल्यात.

पण याला क्लच नाही. ड्रिलच्या गळ्याशी आकड्यांची कडी असते, ठरलेला जोर झाला की ते कटकट करून थांबतं. हे थांबत नाही. आधी लाकडाचं बारीक कुसळ वर येतं, मग स्क्रूचं डोकं फळीशी सपाट होतं, आणि तेव्हाही बोट उचललं नाही तर डोकं फळीत बुडून दिसेनासं होतं. ‘पुरे’ कधी म्हणायचं ते ट्रिगरवरच्या बोटालाच कळावं लागतं. आणि ते बोट तुमच्या चिरंजीवांचं.

पहिल्या शनिवारीच घरातले ढिले स्क्रू संपले. मग घट्ट स्क्रूंची पाळी आली. चपलांचं कपाट भुसा दाबून केलेल्या फळीचं. त्यातला स्क्रू घट्ट होता होता एकदम गरगर फिरायला लागला, म्हणजे भोकाचा भुगा झाला. स्वयंपाकघरातल्या एका खणाच्या मुठीचा स्क्रू आता आतल्या बाजूने टोचतो. रेवाने आपल्या अभ्यासाच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘बाबा, इथे सगळं ठीक आहे.’

बॅटरीचं एक गंमतशीर आहे. बॉक्सवर ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलंय, पण आत पाच सेल, प्रत्येकी 3.6 व्होल्टचा. म्हणजे हिशेबाने 18. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल 4 च्या आसपास असतो, त्या घटकेचा आकडा बॉक्सवर छापायचा. युरोपात तेच यंत्र 18 म्हणून विकतात. बाबा, तुम्ही आता “लूट आहे” म्हणाल. इथला ‘टू बाय फोर’ वासा मोजलात तर आणखी चिडाल. तो दीड बाय साडेतीन इंच भरतो. वाळून, रंधून उरतो तेवढा, म्हणे. दोन्हीकडून चार चार सूत गायब, आणि नाव तेच!

शिवाय कंपन्यांच्या रंगांचं प्रकरण. डिवॉल्ट पिवळी, मकिता निळसर हिरवी, मिलवॉकी लाल, आणि एकीची बॅटरी दुसरीला लागत नाही. एकदा एक रंग घरात आला की सून होऊन त्या घराण्यात गेल्यासारखं. पुढची करवत, पॉलिशर, अगदी पालापाचोळा उडवायचा पंखासुद्धा त्याच घराण्याचा. शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून पहिला प्रश्न काय विचारला असेल? “कुठला रंग?” आमचा ऐकून त्यांनी नुसतं “हं” केलं. त्यांचा वेगळा आहे. (आईंनी माझ्या पहिल्या पुरणपोळीला केलं होतं तसंच हं.)

एक गोष्ट मात्र बाबांना आवडेलच. तुमचा सपाट डिसमिस घसरतो, आणि चौफुलीच्या फिलिप्सचा बिट जोर वाढला की खाचेतून उसळून स्क्रूचं तोंडच भादरतो. इथे सर्रास चौकोनी खाचेचे स्क्रू. 1908 च्या सुमारास पीटर रॉबर्टसन यांनी ते काढले आणि त्यांचा कारखाना आमच्या याच मिल्टनमध्ये होता. हेन्री फोर्डना ते मोटारींसाठी पसंत पडले, पण ते बनवण्याचा हक्कही हवा होता. रॉबर्टसननी दिला नाही. मग अमेरिकेत फिलिप्स पसरला आणि कॅनडात चौकोनी टिकला. चौकोनी बिटाला स्क्रू खोचला की हात सोडला तरी पडत नाही. मापं रंगावरून ओळखायची: हिरवा 1 नंबर, लाल 2, काळा 3. रेवा आता लांबूनच “लाल दे” म्हणते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तुम्ही मे महिन्यात येणार आणि आई म्हणाल्या होत्या, “तिकडे सगळं आहे, झोपाळा तेवढा नाही.” तो होतोय. तळघरात तुळया उघड्याच आहेत, सोळा सोळा इंचांवर. चार तुळयांना आडवा जाड वासा जखडलाय, त्यात आरपार आयबोल्ट, वरून वॉशर आणि नट. इथे मात्र यंत्राने जीव तोडून काम केलं. गेल्या वेळी आईंनी 23 किलोच्या बॅगेत लोणच्याऐवजी आणलेल्या पितळी कड्या अखेर कामी आल्या. फळी मेपलची. आपल्या सागासारखी ती ऐकून घेत नाही. आधी ड्रिलने बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला आणि पहिली फळी टोकाशी उभी तडकली. आता अमोल आधी भोक पाडतो आणि शेवटचा पाव फेरा साध्या स्क्रू ड्रायव्हरने हाताने देतो. “बाबा असंच करायचे,” असंही म्हणतो, पण यंत्र खाली ठेवल्यावरच.

इथल्या एका अनुभवी सुताराला वासा दाखवून घेतला. शिवाय आमची घरची परीक्षा झाली: बासमतीची चार पोती, त्यावर अमोल. रेवा कानाला मफ लावून बाजूला परीक्षक. कुरकुर नाही, काही नाही.

आई, येताना झोपाळ्याची गादी आणू नका, खोळ तेवढी आणा.

तुमची,
मुग्धा

ता. क. पुढच्या दिवाळीला मिरजेला येताना हे यंत्र आणायचा अमोलचा बेत आहे. तो फोनवर विचारेल, देवघराचे, खाटेचे, जिन्याच्या कठड्याचे स्क्रू ढिले झालेत का? “नाहीत” एवढंच सांगा. तरीही हट्टाने आणलंच तर घाबरू नका. चार्जर इथल्या 120 व्होल्टचा आहे, तुमच्याकडे 230. एका बॅटरीत जेवढं होईल तेवढंच होईल, आणि ती निघताना अर्धीच भरलेली असेल याची काळजी मी घेईन.