आधी धरा, कारण नंतर

१९७१ चा मे महिना. सरकार व्हिएतनामचं युद्ध थांबवत नाही, तर आपण सरकार थांबवू, असं म्हणत पोरं वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर उतरली. ३ तारखेला पोलिसांनी सुमारे ७,००० जण उचलले. त्यात नुसते बघे आणि ऑफिसला निघालेलेही आले. कोठड्या भरल्यावर फुटबॉलच्या सरावाचं मैदानच तुरुंग झालं. घाई एवढी, की अटकेचे फॉर्म भरणंही स्थगित! कायदा राखायचा तर तो थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो, हे आपल्याकडच्या हवालदाराला वेगळं शिकवायला नको. कोर्टानं विचारलं, कोणी काय केलं? कागदच नाही. बहुतेक खटले बारगळले, काहींना पुढे भरपाईही मिळाली. बाकी राष्ट्राध्यक्ष निक्सनसाहेबांची कचेरी चालू राहिली. युद्धही.