अप्पांचा कटआऊट

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलेल्या गाड्यांच्या रांगेत एखादी मोतिया रंगाची अँबॅसिडर दिवेलागण उलटली तरी दिवे न लावता उभी असेल, मागून हॉर्नचा कल्लोळ चालला असेल आणि स्टिअरिंगमागचे गृहस्थ समोर न बघता डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्याकडे टक लावून बसले असतील, तर ते आमचे अप्पा समजावेत. अप्पा धरमतरचे. एका बाजूला अंबा नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला डोलवीचा कारखाना आणि मध्ये अप्पांचं घर. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्क टू अँबॅसिडर, आणि तिच्या उघड्या बॉनेटखाली, कमरेपासून वरचा भाग बाहेरून न दिसणारे अप्पा.

अप्पा मेकॅनिक असावेत असा कुणाचाही समज होतो. ते एसटीत होते, पण आस्थापना शाखेत. रजेचे अर्ज आणि वेतनवाढीच्या नोंदी. यंत्रविद्या त्यांनी डेपोतल्या वायरमनबरोबर चहा पिताना मिळवली. चहाचे पैसे रोज अप्पाच देत, त्यामुळे ही विद्या आपण विकत घेतलेली आहे अशी त्यांची खात्री आहे.

अप्पांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: जे उघडता येत नाही ते आपलं नाही. दुकानात मिक्सर बघताना ते आधी तो उलटा करून स्क्रू मोजतात. मुलाने दिलेला मोबाइल त्यांनी कानाला लावण्याआधी नखाने सगळ्या कडांनी चाचपला आणि ‘याला दारच नाही’ म्हणून काकूंना देऊन टाकला. या तत्त्वज्ञानाचं दैवत म्हणजे गाडीचा कटआऊट.

आजच्या गाडीवाल्यांना कटआऊट ठाऊक असायचं कारण नाही. जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा आणि जेवढा जोरात फिरेल तेवढे व्होल्ट वाढवत न्यायचा. त्याला आवर घालायला बॉनेटखाली एक डबी असे, लुकासची आरबी 106 किंवा तिच्या गोतावळ्यातली. आत तारेची दोन वेटोळी. एक रेग्युलेटरचं: व्होल्ट चढले की त्याचे पॉइंट उघडतात, डायनॅमोच्या फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो, व्होल्ट उतरतात, पॉइंट पुन्हा मिटतात. असं सेकंदाला कितीतरी वेळा. दुसरं वेटोळं कटआऊटचं: डायनॅमोचे व्होल्ट बॅटरीला भरवण्याइतके झाले, म्हणजे 13 च्या आसपास गेले, की ते जोडणी करतं आणि उतरले की तोडतं, नाहीतर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होईल. गॅरेजवाले या अख्ख्या डबीलाच कटआऊट म्हणतात. अप्पाही म्हणतात, पण इतर कुणी म्हटलं की दुरुस्त करतात.

डायनॅमो हा रोजंदारीवरचा गडी. इंजिन पळालं तर कमाई, थांबलं तर खाडा. जोरात असला तर विसेक अँपिअर देईल. पण इंजिनाचे फेरे मिनिटाला हजाराच्या खाली आले की हात वर करतो. उभ्या गाडीचे दिवे मग साठवणीवर, म्हणजे बॅटरीवर जळतात. अशी गाडी बाळगणाऱ्या माणसाने वडखळच्या जवळ राहणं हा दैवदुर्विलास आहे. गणपतीच्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्या, पेणहून मूर्ती घेऊन निघालेले टेंपो आणि शनिवारचे अलिबागवाले यांची तिथे अशी मोळी बांधली जाते की, इंजिनाला फेरे वाढवायला वावच मिळत नाही.

त्यामुळे अप्पांच्या गाडीत बसण्याचे नियम आहेत. हेडलाइट चालू असताना वायपर मागायचा नाही. वायपर चालू असताना हॉर्न वाजवायचा नाही. ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं नाही, कारण मागचे दिवे ‘फुकट’ जळतात; हँडब्रेक ओढायचा. एकदा आम्ही एका लग्नाला पोयनाडला निघालो होतो. भर जुलै. अप्पा दोन ट्रकांच्या मधे वायपर तीनदा फिरवून बंद करीत, तेवढ्यात दिसलेला रस्ता लक्षात ठेवून गाडी हाकत होते. काकू मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना प्रवासाचा त्रास होत नाही, फक्त बघायचं नव्हतं.

बरं, हे सगळं करून बॅटरी चांगली राहावी ना! एक महिना ती उतरलेली. पुढच्या महिन्यात चार्जिंग इतकं जोरात की पाणी उकळतंय आणि पार्किंगचे बल्ब उडतायत. मग रविवारी झाकण निघायचं. निघायचं म्हणजे बसलेलं असायचंच कधी? दोन स्क्रूंनी बसणारं ते काळं झाकण अप्पांच्या खिशातच असे, कारण ‘पुन्हा उघडावंच लागणार.’ खाडीवरचा खारा वारा उघड्या पॉइंटांवर बसे, पॉइंट काळे पडत, अप्पा ते घासत, घासता यावेत म्हणून झाकण काढलेलं ठेवत. घासायला एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण पॉइंटांत रुततात. रेग्युलेटरच्या पॉइंटांना बारीक कार्बोरंडम, कटआऊटच्या मऊ पॉइंटांना बारीक काचपेपर, मग स्पिरिटने पुसायचं, अशी रीत आहे. अप्पांना ती तोंडपाठ आहे. हाताला मात्र काकूंची नखं घासायची कानस लागते.

मीही काही सुचवून बघितलं. हल्ली डबी जुनीच ठेवून आत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून देतात. बाहेरून कुणाला कळतही नाही. डायनॅमोच्या कवचात लपवलेला अल्टरनेटरही मिळतो. हे ऐकून अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मी घराण्यात बाटगा निघालो. ‘आत पॉइंट नाहीत ना?’ त्यांनी विचारलं. ‘नाहीत.’ ‘मग बिघडलं तर घासायचं काय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यांनी चार जुने कटआऊट आणून ठेवलेत. चारही उघडे. ट्रंकेत दुलईत गुंडाळलेले.

सेटिंगचा सोहळा तर बघण्यासारखा. कटआऊटच्या पॉइंटांमध्ये कागदाचा कपटा सरकवून बॅटरी वेगळी करायची, डी आणि ई या टोकांना मीटर लावायचा, इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवायचे. काटा चढता चढता थबकला की तो आकडा बघायचा. साधारण 16 व्होल्ट हवेत. (पुढे बॅटरीचा भार पडला की ते आपोआप खाली येतात.) कमी-जास्त असेल तर स्क्रू किंचित पिळायचा. मीटर काट्याचाच हवा, कारण पॉइंटांच्या थरथरीने आकड्यांचा मीटर नुसता नाचतो. आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं, कारण वेटोळं तापलं की आकडा खोटा येतो.

गोम इथेच होती. अर्ध्या मिनिटात अप्पांची प्रस्तावनासुद्धा होत नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर मी, शेडच्या दारात शेजारची दोन पोरं, आणि अप्पा स्क्रू-ड्रायव्हर हवेत धरून फील्ड म्हणजे काय ते सांगताहेत. वेटोळं तापून लाल व्हायची वेळ आल्यावर ते स्क्रू पिळत आणि खोट्या आकड्यावर समाधानी होत. मी एकदा अर्ध्या मिनिटाची आठवण केली. ‘घाईची कामं एसटीत नव्हती,’ ते म्हणाले.

यात खंड पडला तो अप्पांच्या हृदयामुळे. ठोके मंद पडू लागले, दोनदा घेरी आली, आणि डॉक्टरांनी पेसमेकर सुचवला. अप्पांनी ती डबी हातात मागून घेतली. उलटी केली. स्क्रू नव्हता.

‘आत बॅटरी आहे म्हणता?’

‘हो. आठ-दहा वर्षं सहज जाते.’

‘आणि चार्जिंग?’

‘चार्जिंग नाही त्याला.’

‘मग उतरल्यावर?’

‘अख्खी डबी बदलायची.’

अप्पा बराच वेळ गप्प होते. ‘उघडून नुसती बॅटरी नाही टाकत?’ त्यांनी शेवटचं विचारून पाहिलं. डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी संमतीच्या कागदावर बोट ठेवून ‘इथे सही’ एवढंच म्हटलं.

जे उघडता येत नाही ते अप्पांच्या छातीत बसलं. वर डॉक्टरांची ताकीद अशी की, चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही, प्लगच्या वायरींपासून किमान हातभर तरी लांब राहायचं. आता शेडच्या बाहेर खुर्ची, खुर्चीत अप्पा, आणि बॉनेटपाशी काकू. मला जमलं नसतं असं नाही. पण काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातून काढून घेतला तेव्हा वाद घालायची जागा दिसली नाही.

‘आधी पॉइंट बघ,’ खुर्चीतून आवाज आला.

‘पॉइंट राहू देत. या ई लिहिलेल्या स्क्रूला कळंक चढलाय. समईला चढतो तसा.’

‘तो अर्थ आहे! त्याला हात लावू नकोस. इतकी वर्षं तसाच आहे.’

काकूंनी हात लावला. वायर सोडवून पॉलिश पेपरने तांबं उजळवलं आणि पुन्हा घट्ट आवळली. आता सांगायला हरकत नाही: रेग्युलेटरच्या वेटोळ्याचा परतीचा रस्ता या अर्थमधूनच जातो. तो कच्चा असला की वेटोळ्याला व्होल्ट कमी दिसतात, पॉइंट वेळेवर उघडत नाहीत आणि डायनॅमो मोकाट सुटतो. उकळलेली बॅटरी, उडालेले बल्ब आणि नखांची झिजलेली कानस, सगळं त्या एका हिरव्या स्क्रूचं देणं होतं.

मग कपटा, मीटर, मी अ‍ॅक्सिलरेटरवर. अप्पांनी ‘फील्ड म्हणजे—’ असं सुरू केलं होतं.

‘सोळा पॉइंट एक,’ काकू म्हणाल्या. त्यांनी स्क्रूला हातसुद्धा लावला नव्हता. ‘बंद कर रे गाडी.’

‘परत बघ.’

‘सोळा पॉइंट एकच आहे. झाकण द्या.’

‘इतक्यात झाकण?’

काकूंनी खुर्चीपाशी येऊन त्यांच्या खिशातून ते काढून घेतलं, कपटा ओढला आणि दोन्ही स्क्रू पिळले. बॉनेट धाडकन बंद झालं. घड्याळात साडेनऊ वाजले होते. अप्पांनी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘म्हणजे आता अख्ख्या रविवारी करायचं काय?’