स्पीकरच्या चिन्हास अनावृत पत्र

प्रति,
श्री. स्पीकरचिन्ह,
मुक्काम लॅपटॉपचा पडदा, खालचा उजवा कोपरा, घड्याळाशेजारी.

विषय: कोजागिरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अप्पा बेलवलकरांचं तोंड बंद ठेवल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

सर्वप्रथम आपल्या प्रसन्नतेचं कौतुक. गच्चीवर निम्मी सोसायटी आपल्यावर बोटं रोखून उभी होती, दुसरी निम्मी दुधाच्या पातेल्यापाशी हसत होती, आणि आपण मात्र शेवटपर्यंत जसेच्या तसे. इवलासा कर्णा, त्यातून निघणाऱ्या तीन कमानी आणि शेजारी शंभराचा आकडा. शंभरपैकी शंभर! आमच्या इमारतीत एवढे गुण आजवर कोणाच्याही मुलाला मिळालेले नाहीत, आणि आपण ते परीक्षेला न बसता मिळवलेत.

झालं काय, ते आपल्याला ठाऊक नसणारच, म्हणून सांगतो. ‘नटसम्राट’ लावायचं ठरलं होतं. शिरवाडकरांचं नाटक १९७० मधलं, डॉ. लागूंनी गाजवलेलं, आमच्याकडे होता तो २०१६ चा, महेश मांजरेकरांनी दिग्दर्शित केलेला, अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत नाना पाटेकर असलेला चित्रपट. आता या कथेतून बोलणं काढून घेतलं तर उरतं काय? एक म्हातारा, एक म्हातारी आणि पार्श्वसंगीत. आपण आम्हाला नेमकं तेवढंच दिलंत. पावलं ऐकू आली. दार लोटल्याचं ऐकू आलं. संगीत तर असं खणखणीत की शेजारच्या सोसायटीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. आणि नाना पाटेकरांचं तोंड उघडलं की शब्दांच्या जागी लांबवर कुठेतरी घुमल्यासारखं काहीतरी. ओठ हलतायत, मानेच्या शिरा ताणल्यात, डोळ्यांत पाणी आहे, आणि गच्चीवर व्हायोलिन.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, असेल शैली. मराठी प्रेक्षक सोशिक आहे.

मग सुरू झाले उपचार. एकाने वायर हलवली. हा आपल्याकडचा आद्य उपचार. रेडिओपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांवर करून झालेला. दुसऱ्याने आवाज वाढवला, त्यामुळे व्हायोलिन वाढलं. तिसऱ्याने लॅपटॉप बंद करून चालू केला आणि तो अपडेट होऊ लागला, त्यात अर्धं दूध संपलं. आयटीतल्या एका जावईबापूंनी ‘कोडेकचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून व्हीएलसी उतरवून घेतलं. व्हीएलसीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९९६ च्या सुमारास पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते निघालं, नाना तऱ्हांचे आवाज उलगडण्याची सामग्री ते स्वतःच्या पोटात घेऊन फिरतं, आणि त्याबद्दल कोणाकडून पैसा घेत नाही. पण त्या रात्री त्याचाही इलाज चालेना. कारण आवाज उलगडला जातच होता. खोट पुढे, दाराशी होती. ते जावईबापू त्यानंतर जेवायचं निमित्त करून जे खाली गेले ते गेलेच.

खरा प्रकार मंडपवाल्याच्या पोराने शोधला. तो लॅपटॉप एरवी आमच्या खजिनदारांच्या दिवाणखान्यात होम थिएटरला जोडलेला असतो. त्यासाठी एक यूएसबीची डबी आहे, तिला पिना खुपसायची रंगीत भोकं: हिरव्यातून पुढचे डावे-उजवे स्पीकर, काळ्यातून मागचे दोन, आणि नारिंगी भोकातून मधला स्पीकर अधिक तो कोपऱ्यातला धडधड्या, ज्याचं काम १२० हर्ट्झच्या खालची गडगड काढण्यापुरतंच. पाच पूर्ण आणि हा एक अर्धामुर्धा, म्हणून फाइव्ह पॉइंट वन. चित्रपटाचा आवाज मिसळणारी माणसं संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत ठेवतात, कारण थिएटरात तो स्पीकर पडद्यामागे ऐन मध्यावर असतो. तुम्ही कडेच्या खुर्चीत बसलात तरी शब्द नटाकडूनच येतात. संगीत, पाऊस, रहदारी डावी-उजवीकडे. मागच्या बाजूला काय ते भास-आभास.

गच्चीवर भाड्याचे दोन डबे होते. ती यूएसबीची डबीही सोबत आणली होती आणि तिच्यात फक्त हिरवी पिन बसवली होती. पण लॅपटॉपच्या हिशेबी सहाही स्पीकर हजर. तेव्हा त्याने इमानेइतबारे डाव्याला डाव्याचं दिलं, उजव्याला उजव्याचं दिलं आणि मधल्याचं नारिंगी भोकात सोडलं. नारिंगी भोक रिकामं होतं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत असताना नाना पाटेकर त्या रिकाम्या भोकातून जीव तोडून बोलत होते.

स्पीकर दोनच आहेत एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. मधली वाहिनी साधारण ०.७ पटीने कमी करून दोन्हीकडे सारखी मिसळायची, हे गणित आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत कित्येक वर्षं छापलेलं आहे. संगणकाला ते येतं. पोराने आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फाइव्ह पॉइंट वन’च्या जागी ‘स्टिरिओ’ केलं आणि त्याच क्षणी गच्चीवर माणूस बोलू लागला. आपण त्या आधीही तीन कमानी दाखवत होतात. त्यानंतरही तीनच.

महोदय, १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला तो मुका होता. तीच हरिश्चंद्राची कथा प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ म्हणून आणली ती बोलत होती. या मधल्या वर्षांत जगभरच्या लोकांनी जी खटपट केली, ती आपण एका रात्रीत परत केलीत. बरं, फाळक्यांचा प्रेक्षक तिकीट काढतानाच जाणून होता की राजा बोलणार नाही, आणि त्याच्यासाठी मधूनमधून पाट्या येत. आम्हाला पाटीही नव्हती.

आपल्या कुळाचे इतर उद्योगही मला ठाऊक आहेत, त्यांच्यावर एकेक ओळ खर्च करतो. एचडीएमआयची केबल लावली की आवाज न विचारता प्रोजेक्टरच्या पोटातल्या नखाएवढ्या स्पीकरकडे निघून जातो, आणि इकडे मोठे डबे मुके. फाइलमध्ये दोन भाषांचे ट्रॅक असले की पहिला नेहमी आपल्याला न येणाऱ्या भाषेचाच. ब्लूटूथच्या डब्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला ते जाणवतं, मागे पडला तर मात्र सव्वाशेपर्यंत तो चालवून घेतो. निसर्गात वीज आधी दिसून गडगडाट मागून येतो, त्यामुळे उशीर आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्या उदारतेचाही आपल्या मंडळींनी फायदा घ्यावा!

आणि डीटीएस. त्या ट्रॅकची फाइल कित्येक प्लेअरांवर लावली की चित्र झकास, आवाज शून्य, आणि कारण गुलदस्त्यात. डीटीएस १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर थिएटरात आलं तेव्हा त्याचा आवाज रिळावर नसायचाच, तो वेगळ्या सीडीवर यायचा, रिळावर फक्त जुळणीच्या खुणा. पण सीडी अडली तर यंत्र मुकाट्याने रिळावरच्या साध्या ऑप्टिकल आवाजावर यायचं आणि प्रेक्षकाला फारसा पत्ताही लागायचा नाही. त्या काळच्या यंत्राला एवढी समज होती. मुकं राहणं हा पर्याय त्याच्या बनवणाऱ्यांना सुचलाच नव्हता.

असो. हे सगळं मी सोडून दिलं असतं. कोजागिरी काय, पुढच्या वर्षी परत येते. पण तात्यांचं काय?

तात्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. लागूंचा नटसम्राट त्यांनी तरुणपणी पाहिलेला, आणि हा चित्रपट त्यांच्याच आग्रहाने निवडला होता. कानात यंत्र घालून ते पहिल्या रांगेत बसले होते. चित्रपट सुरू झाला, संगीत सुरू झालं, ओठ हलू लागले. तात्यांनी यंत्राची कळ फिरवली. मग यंत्र काढून पुसलं. मग खिशातून नवा सेल काढून घातला. सून लांब, दुधापाशी होती. तिला त्यांनी विचारलं, “बोलतायत का गं ते?” तिने तिथूनच पडद्यावर हलणारे ओठ पाहिले आणि म्हणाली, “हो बाबा, बोलतायत की.” तात्या थोडा वेळ बसले. मग उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि जिना उतरून गेले. कोणाला काही म्हणाले नाहीत. ओरडाआरडा, वायरी, अपडेट हे सगळं त्यानंतरचं.

आणि तू हसत होतास. हो, तूच. आता कसले महोदय आणि कसले आपण! एका म्हाताऱ्या माणसाला वाटलं की आपले कान संपले, आणि तू तिथे तीन कमानी उडवत बसला होतास. एक ओळ लिहायची होती रे. ‘मधल्या स्पीकरला वायर लागलेली नाही.’ एवढंच. बॅटरी उतरली की तुम्ही लोक बोंब मारता. अपडेट आला की रात्री-अपरात्री पडद्यावर नाचता. मोबाइलवरची तुझी भावंडं तर मोठ्या आवाजाने कानांना इजा होईल म्हणून दटावतात आम्हाला. कानांची एवढी काळजी! आणि जिथे खरंच बोलायचं तिथे दातखीळ. पैसे वाचवायचे असतील, जागा वाचवायची असेल, सामान्य माणसाला तांत्रिक शब्द दाखवून घाबरवायचं नसेल, काहीही असेल. पण काही बिघडलेलं नाही असा देखावा कशासाठी? बिघाडाने माणूस चिडतो, यंत्राला शिव्या देतो, मोकळा होतो. देखाव्याने तो स्वतःकडे बघायला लागतो. वयाकडे, कानांकडे, आपल्याला आता हे झेपत नाही याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांकडे गेलो. नारिंगी भोकाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “असू दे रे. समजूत काढायला आलास, बरं वाटलं.”

घरी येऊन मी तुझ्याकडे बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं, तुला तरी कुठे कान आहेत? तुझ्यापर्यंत येतो तो एक आकडा, शून्य ते शंभर. तो आला की त्याप्रमाणे कमानी काढायच्या. फाइलमध्ये कोणता ट्रॅक आहे, तो उलगडण्याचा परवाना कोणी विकत घेतला की नाही, पिन कुठल्या भोकात आहे, समोर दोन डबे आहेत की सहा, की समोर एक म्हातारा यंत्राचा सेल बदलतोय, यातलं तुला कोणी काही सांगत नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या स्वागतकक्षात पगारी हसायला बसवलेल्या पोरासारखं तुझं झालंय. आत काय चाललंय ते त्याला सांगायचं नाही, आणि शिव्या मात्र त्यानेच खायच्या. तुला घडवणाऱ्यांनी तुझ्याकडून हसणं तेवढं मागितलं. तेव्हा रागाचा मोठा वाटा त्यांच्या नावावर जमा कर. तुझ्या वाट्याला थोडा राहू दे, कारण शंभराचा आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मागणी एकच आहे. ज्या वाहिनीत आवाज चाललाय पण बाहेर पडायला वाट नाही, तिच्या नावाने एक कमान लाल कर. लिहिता येत नसेल तर नको लिहूस. नुसती लाल कर. आम्ही समजून घेऊ.

आपला,
नारिंगी भोकाचा एक शेजारी

ता. क. (हे वाचकांसाठी.) गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, कशासाठीही गच्चीवर चित्रपट लावणार असाल तर आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरची मांडणी बघून घ्या, डबे दोनच असतील तर ‘स्टिरिओ’ करा. पिन पूर्ण आत गेली आहे ना, तेही पाहा, कारण ती अर्धवट बसली तरी मधोमध मिसळलेला आवाज असाच नाहीसा होतो आणि बाकीचं वाजत राहतं. तपासताना शीर्षकगीत लावू नका. ते नेहमीच वाजतं. दोन माणसं साधं काहीतरी बोलतायत असा प्रसंग काढा, आणि कोणा म्हाताऱ्या माणसाने विचारलं, “बोलतायत का ते?” तर ओठ बघून उत्तर देऊ नका. जवळ जाऊन ऐका.