उकिरड्याचे भागधारक

पुण्यात कुणी गाव विचारलं तर नुसतं नाचणगाव सांगून भागत नाही. पुलगावच्या शेजारी म्हणावं लागतं. पुलगाव म्हटलं की समोरचा दारूगोळ्याच्या डेपोची चौकशी सुरू करतो, म्हणून मी आपला ‘वर्धा जिल्हा’ म्हणून मोकळा होतो. आणि तिथंच घात होतो. वर्धा म्हटलं की पुणेकराला थेट सेवाग्राम दिसतं. “अरे वा, म्हणजे तुम्ही गांधीवादी!” आयुष्य कारकुनीत गेलं, चरख्याला कधी हात लावला नाही. पण मुलाच्या सोसायटीत राहायला आलो आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत माझी खतसमितीच्या प्रमुखपदी एकमताने निवड झाली. एकमत एवढ्यासाठी, की दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.

खतसमिती निघाली ती काही वसुंधरेच्या प्रेमापोटी नव्हे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं प्रत्येकाला बंधनकारक केलं. रोज शंभर किलोच्या वर कचरा काढणाऱ्यांनी तर आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांच्या उशाशी टाकला, त्या उरुळी देवाचीच्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हाही सोसायटी हलली नव्हती. गांडूळखत करणाऱ्याला महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते हे कळलं, आणि हात वर झाले.

टाकी कोणती बांधायची यावर फार खल झाला. सेक्रेटरीणबाईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. विटांचं बांधकाम, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोकं. “परदेशी दिसतंय,” चेअरमन म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ही नाडेपची टाकी. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची. भोकांतून हवा खेळते, म्हणून माल सडत नाही, कुजतो. आमच्या भागात सरकारी अनुदानावर अशा टाक्या झाल्या, त्यातल्या काहींत शेळ्याही सुखाने राहिल्या. शेळ्यांचा उल्लेख इतिवृत्तात आला नाही. जागा लहान, म्हणून आम्ही निम्म्या मापाची टाकी बांधली.

पहिल्याच महिन्यात वास सुटला. तळमजल्याने वकील गाठला. तेव्हा आमची ही एकदा खाली उतरली, टाकीत डोकावली आणि पदर नाकाला न लावता म्हणाली, “अवो, ओल्यावर ओलंच टाकून राह्यले ना हे लोक. वास नाही येईन तं काय येईन? कुटार टाका ना मधात.” पुण्यात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कुठून आणणार? पण आवारातला वाळका पाला रोज झाडून पेटवला जायचा, तो थांबवला. एक थर पाला, एक थर ओलं, वरून माती आणि ताकाचं पाणी. आठवडाभरात वास गेला. टाकीच्या पोटात हात घातला तर आत चांगली ऊब लागायची. वकिलाची फी मात्र तळमजल्याला भरावी लागली.

इतकं होऊनही उत्साह बेताचाच. ओल्या डब्यात डायपर निघे, सुक्यात वरणभात. आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या मावशी येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालची, तिच्यातूनच २००८ मध्ये ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. मावशी डबा उपडा करून नुसत्या नजरेनं सांगत, कुठल्या घरी पाहुणे आलेत आणि कुठल्या घरी स्वयंपाक बंद आहे. मला एकदा म्हणाल्या, “काका, कागदावर आमटी सांडली की आमचे पैसे गेले. हे कुणाला कळत नाही, कारण त्यांचं काहीच जात नाही.” समितीच्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे वाक्य वजनदार होतं.

आमच्या गावात प्रत्येकाचं काहीतरी जायचं. उकिरड्याला मालक होता. मुलगी द्यायची तर पाहुणे चहाआधी गोठ्यामागून एक चक्कर मारून येत. उकिरडा छातीइतका म्हणजे गुरं भरपूर, गुरं भरपूर म्हणजे वावर चांगलं. रस्त्यात गाईनं पो टाकला की दोन घरच्या बायका टोपली घेऊन धावत, आणि ज्या बाईनं आधी काडी खोचली तिचा तो. त्यावरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिलीत. हे सगळं पर्यावरणासाठी चाललेलं नव्हतं. मृगाच्या आधी खताच्या किती बंड्या वावरात पडतात, एवढाच हिशोब होता. आता ट्रॅक्टर आले, गुरं गेली, आणि तिथल्या उकिरड्यात शेणापेक्षा गुटख्याच्या पुड्या जास्त. उगीच गावाची टिमकी वाजवण्यात अर्थ नाही.

तर आमचं पहिलं खत निघालं. भुरभुरीत, काळं, चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखं. पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवलं, फुकट न्या म्हणून फलक लावला. कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी एक पोतं अर्धं झालेलं दिसलं. हीच संधी साधून मी फलक काढला आणि दुसरा लावला: ‘खताची चोरी होत आहे. सावध राहा.’

सोसायटी खडबडून जागी झाली. ज्या अर्थी चोरीला जातं त्या अर्थी त्यात काहीतरी आहे! वाहनतळावरचा कॅमेरा खताकडे वळवला गेला. पहाटेच्या चित्रणात फिरायला जायचे बूट घातलेले चेअरमन सापडले, हातात नातवाची जुनी डब्याची पिशवी. त्यांनी शांतपणे खुलासा केला की ते नमुना तपासणीसाठी नेत होते. नमुन्यावर त्यांच्या गॅलरीत टोमॅटो आले होते.

मग ठराव झाला: जितका ओला कचरा, तितक्या प्रमाणात खत. वजनकाटा आला, वही आली. त्या दिवसापासून डब्यात डायपर दिसला नाही. पण वजनं वाढू लागली. बी-विंगमधले एक गृहस्थ रसवंतीवरून उसाचं चिपाड आणताना पकडले गेले. एकीनं माहेरून मटाराची टरफलं मागवली. कचरा कमी करायला काढलेल्या समितीच्या दारात बाहेरगावचा कचरा येऊ लागला. ही म्हणाली, “नाचणगावात पो पळवत, इथं टरफलं. लोकं तं सारखेच.”

अखेर नवा नियम केला. टरफलं ज्या भाजीची, ती भाजी घरातच शिजल्याचा पुरावा समितीप्रमुखाकडे द्यावा. पुरावा म्हणजे एक वाटी. तेव्हापासून रविवारी आमच्याकडे चूल पेटत नाही. मटार, वांगी, भोपळा, सगळं वेळेवर येतं आणि वहीत नोंदलं जातं.

गेल्या रविवारी चारशे दोनमधून फणसाची भाजी आली. सालं अजून यायची आहेत.