रायत्याच्या पुलावरचं शाकुंतल

टिटवाळ्याच्या महागणपतीची ख्याती अशी की न जमणारी लग्नं तो जमवतो आणि मोडू घातलेले संसार सांधतो. इथे कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताला विसर पडला तेव्हा शकुंतलेने याच गणपतीची उपासना केली, असं गावात सांगतात. आमच्या घरातली मुलं केव्हाच मार्गाला लागली होती. उजवायची राहिली होती ती एकच, 1990 सालची मॅटॅडोर.

घरात तिचं नाव 'डबा'. मागच्या सीटा काढून सुताराकडून झोपायला दोन फळ्या बसवून घेतल्या होत्या. फळीखाली भांड्यांचं कपाट, कपाटावर शेगडी आणि खिडक्यांना सौ.च्या जुन्या नऊवारीचे पडदे. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर असं करत लेण्याद्री आणि ओझर हे दोन विनायक आम्ही तिच्यातून कितीदा केले याची मोजदाद नाही. माळशेजमध्ये ती न थांबता गेली असं एकदाच घडलं. त्या दिवशी मी ब्रेक ऑइल घालायला विसरलो होतो.

"डबा विकताय? वेड लागलंय का मामा!" जर्मनीतल्या भाच्याने फोनवर सुनावलं. "इकडे जुन्या कॅम्परसाठी लोक घर गहाण टाकतील. अन् आपल्या गाडीचं माहेर हॅम्बुर्गचं आहे!" ते खरं. टेम्पो ही मूळची हॅम्बुर्गची कंपनी. तिच्या पहिल्या मॅटॅडोरला 1949 साली व्होल्क्सवॅगनचं इंजिन होतं. खुद्द व्होल्क्सवॅगनची जगप्रसिद्ध व्हॅन आली 1950 साली, म्हणजे या घराण्यात मॅटॅडोर मोठी जाऊ. पुढे 1958 साली फिरोदियांनी बजाज टेम्पोमार्फत ते घराणं महाराष्ट्रात आणलं, आणि आपण मराठी माणसांनी त्या नावाचं सामान्यनाम करून टाकलं. सामान वाहील तो टेम्पो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

पण भाचा जर्मनीत होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर. "काका, डब्याखाली मांजर व्यायलीय. चौथी पिढी आहे," एवढंच ते म्हणाले. ती नोटीस होती.

मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. सौ.ने रीतसर कांदेपोहे केले. पहिला आला भंगारवाला. त्याने पोहे खाल्ले, टायरला लाथ मारली आणि गाडीचा भाव किलोत सांगितला. दुसरे शूटिंगवाले. त्यांना गाडी पाहताक्षणी आवडली. मी हरखून विचारलं, "रोल कोणता?" म्हणाले, "दरीत पडण्याचा." तिसरे गृहस्थ व्हिंटेज गाड्यांचे शौकीन. त्यांनी 2021 चा नियम समजावून सांगितला : पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली, तरच गाडी व्हिंटेज, मग तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. आमचीला त्यासाठी 2040 उजाडावं लागणार. "तोवर जपा," म्हणाले आणि पोह्यांची दुसरी बशी संपवून गेले. तात्पर्य, तरुण म्हणून खपत नाही आणि म्हातारी म्हणून मान मिळायला अजून अवकाश आहे. माझंही सध्या तेच चाललंय.

चौथा मात्र स्थळ म्हणावं असा होता. मुरबाडकडचा तरुण, अंगात बनियनवजा टी-शर्ट, डोक्यात योजना. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून म्हणे त्याला झोप नव्हती. माळशेजच्या धुक्यात गाडी उभी करायची आणि मुंबईच्या लोकांना तीत झोपवायचं. पोह्यांना त्याने हातही लावला नाही. थेट म्हणाला, "काका, ट्रायल. शहाडला माझा मिस्त्री आहे. तो 'हो' म्हणाला की पैसे हातात."

मी हसून 'चला' म्हटलं खरं, पण पोटात खड्डा पडला होता. गाडीची आरसी सापडत नव्हती. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर दिसत होती, तेवढ्यावर ट्रायल निभावली असती. पण गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची, तर फॉर्म 29 आणि 30 सोबत मूळ आरसी हवी. कालिदासाच्या शकुंतलेचं तरी वेगळं काय झालं? अंगठीशिवाय ओळख पटेना. त्या नाटकाच्या नावातलं 'अभिज्ञान' म्हणजे ओळख पटवणारी खूण. शकुंतलेची नदीत पडून माशाच्या पोटात गेली होती, आमची कुठे पडली तेच ठाऊक नव्हतं.

टिटवाळ्याहून कल्याण रेल्वेने दोनच स्टेशनं मध्ये. आंबिवली, शहाड, की कल्याण. पण डब्याला गल्लीबोळ मानवत नाहीत म्हणून आम्ही गोवेलीवरून मुरबाड रस्त्याला लागलो. मी चाकावर, शेजारी योजना, मागे फळीवर सौ. तिच्या मांडीवर फुगलेली पिशवी.

"त्यात काय आहे?"

"चहा, साखर, दूध पावडर, पाणी आणि छोटा सिलिंडर."

"अगं, तासाभरात परत येतोय आपण!"

"अहो, तीस वर्षं मी तुमच्याबरोबर तासाभरात परत येतेय."

गोवेलीपर्यंत दृष्ट लागावी अशी गाडी चालली. मॅटॅडोरचं इंजिन केबिनमध्येच, त्यामुळे थंडीत पाय शेकतात आणि उन्हाळ्यात पायच शिजतात. बोलायचं तर ओरडून. पोरगा ओरडला, "अ‍ॅव्हरेज किती?" मी ओरडलो, "हो, माळशेजला खूपदा!" वयाप्रमाणे प्रश्न नीट ऐकू न येण्याचे काही फायदे असतात.

रायत्याला उल्हास नदीवरचा पूल आला. इथवर पोचता पोचता काटा लाल रेषेत गेलेला, आणि पुलापलीकडे गाडीने एक दीर्घ उसासा टाकून वाफ सोडली. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं राहिलं होतं. कोणाकडून ते सांगायला नको. सौ. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी गेली कित्येक वर्षं स्पष्ट ऐकतोय.

इंजिन निवायला अर्धा तास तरी हवा. पोरगा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याची योजना बघता बघता वाफेबरोबर विरत होती. सौ.ने मात्र पदर खोचला, बाजूचं दार उघडलं, शेगडीला सिलिंडर जोडला आणि आधण ठेवलं. आलं किसायच्या किसणीचा आवाज नदीकडच्या वाऱ्यावर गेला असावा, कारण पाच मिनिटांत एक भाजीचा टेम्पो येऊन थांबला.

"मावशी, दोन कटिंग. एकात साखर कमी."

सौ.ने निमूट दोन कप भरले. टेम्पोवाल्याने चहा घेतला, कपाटावर वीस रुपये ठेवले आणि गेला. मागोमाग एक मोटारसायकल, तिच्यामागे दूधवाला. हा तर चक्क दूध देऊन चहा घेऊन गेला. मग मुरबाडच्या लग्नाला निघालेलं आख्खं वऱ्हाड. त्यांच्यातल्या एका आजींनी पडद्याचे काठ चाचपून म्हटलं, "नऊवारी आहे गं बाई ही!" आणि फळीवर ऐसपैस बसल्या.

साखर संपत आली. जुना साखरेचा डबा कपाटात मागे होता, त्यात काही उरलं असेल म्हणून सौ.ने झाकण उघडलं आणि ती जागच्या जागी थबकली. डब्यात साखर नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आरसी होती.

"मुंग्या लागू नयेत म्हणून मीच ठेवली होती," ती म्हणाली.

"आरसीला मुंग्या?"

"डबा मुंग्या लागत नाहीत असा आहे. म्हणजे आत ठेवलेलं सुरक्षित."

या तर्कापुढे कालिदासही हात टेकेल. खूण मिळाली, नदीही समोर होती, एका माशाचीच काय ती उणीव राहिली.

मी विजयी मुद्रेने पोराकडे वळलो. "चला, आरसी सापडली. इंजिनही निवलंय. मिस्त्रीकडे जाऊ या."

पोरगा आता उकिडवा नव्हता. तो उभा राहून कपाटावरच्या नोटा मोजत होता. "काका, मिस्त्री राहू द्या."

"म्हणजे... नको म्हणता?"

"घेतो की. पण मला एक सांगा, ही पळवलीच पाहिजे असं थोडंच आहे?" त्याचे डोळे चकाकत होते. "धुक्यात पाहुणे शोधा, त्यांना झोपवा, सकाळी उठवा. त्यापेक्षा ही नुसती उभी राहिली तर अर्ध्या तासात साडेतीनशे! टिटवाळ्यात मंदिराच्या रस्त्याला मामाचं अंगण आहे माझ्या. संकष्टीला काय गर्दी असते, अंगारकीला तर विचारूच नका."

तीस वर्षं ही गाडी चालावी म्हणून मी कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग शोधत वणवण केली. तिची खरी गुणवत्ता उभं राहण्यात आहे, हे एका मुरबाडच्या पोराने रायत्याच्या पुलाजवळ अर्ध्या तासात ओळखलं. सौदा तिथेच ठरला. साडेतीनशे कोणाचे यावर थोडी घासाघीस झाली. ती सौ. जिंकली.

पुढच्या अंगारकीला दर्शन घेऊन आम्ही दोघं त्या अंगणापाशी गेलो. डब्याला पिवळा रंग दिला होता, पुढे झेंडूची माळ, आत आल्याचा वास. पडदे तेच. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी दाराला हात घातला आणि एक पाय आत टाकला.

आत एक नवाच पोऱ्या होता. म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाइकांनी बाहेर थांबायचं."

"अरे, गिऱ्हाईक कसलं? ही माझी गाडी आहे."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. गर्दीत असे दहा येतात, असा त्याचा चेहरा. "असेल हो. पण काही खूण?"

खूण होती, पण ती आता रीतसर दुसऱ्याच्या नावावर झाली होती. मी पाय बाहेर घेतला आणि दोन कटिंग सांगितले. एकात साखर कमी.