ताशी पंचवीस डॉलरचा मोदक

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात माणसाची पत ठरवायला आजवर तीन प्रश्न पुरत असत. मूळचे कुठले, ग्रीन कार्ड झालं का आणि घरी पुरणपोळ्या करता की पटेलांच्या दुकानातून आणता? आता चौथा प्रश्न आला आहे. तुमचा ताशी दर काय?

पगाराची चौकशी नाही ही. हा दर सेवेचा. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अशी सोय आहे की कर्मचाऱ्यानं एखाद्या सेवाभावी संस्थेत फुकट काम केलं, तर त्या तासांच्या हिशेबानं कंपनी संस्थेला देणगी देते. काम करणाऱ्याच्या हातात एक सेंटसुद्धा पडत नाही, त्यामुळे त्याचं पुण्य शाबूत राहतं. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल तासाला २५ डॉलर देतात, गूगल १०. एक्सॉनमोबिलचा व्यवहार ठोक आहे, २० तास भरा आणि संस्थेला ५०० डॉलर मिळवून द्या. संस्थेला आयकर खात्याचा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेचा, दर्जा हवा, तो आमच्या मंडळाला आहे. म्हणजे देणारा तयार, घेणारा तयार. अडचण एकच होती. मधल्या माणसानं फॉर्म भरायला हवा, आणि मराठी माणूस रात्री दोन वाजेपर्यंत सतरंज्या उचलेल, पण फॉर्म भरणार नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग नवे खजिनदार आले. या गृहस्थांनी आल्या आल्या ‘नमस्कार’ म्हणणं बंद केलं आणि त्या जागी ‘तास भरलेत का?’ सुरू केलं. देवळात, किराणा दुकानात, मुलांच्या फुटबॉलच्या मैदानावर, कुठेही. एका बारशात पाळण्यात वाकून बाळाचं कौतुक करता करता त्यांनी बाळाच्या बापाला विचारलं, “तू कुठल्या कंपनीत रे?” बाप गूगलमध्ये निघाला. खजिनदारांनी ‘असू दे’ अशा सुरात मान हलवली आणि पेढा घेतला.

मंडळाच्या कामांची वाटणी तेव्हापासून बदलली. पूर्वी ज्याला जे येतं ते तो करी. आता गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री मोदकांसाठी बसायचं तर आधी दरपत्रक निघतं. मोदकात ज्यांचा हात धरणारं कोणी नाही अशा एक काकू आमच्याकडे आहेत. एकवीस पाकळ्यांचा मोदक त्या बोलता बोलता वळतात. पण काकूंना नोकरी नाही, म्हणून त्यांचा दर शून्य. त्यांच्या शेजारी मी, पारी फाडून सारण मांडीवर सांडणारा, ताशी २५ डॉलर. काकू म्हणाल्या, “तू ऊठ बरं, मी अर्ध्या तासात उरकते सगळं.” खजिनदार स्वयंपाकघराच्या दारातून कळवळून म्हणाले, “काकू, उरकू नका! त्याला शिकवा. सावकाश शिकवा.” काकूंनी मला रात्री साडेअकरापर्यंत शिकवलं. गणपतीनं माझे मोदक गोड मानून घेतले. माणसांनी काकूंचे खाल्ले.

फॉर्म भरणं ही मात्र वेगळीच साहित्यसेवा आहे. बऱ्याच कंपन्यांकडे बेनेव्हिटी नावाच्या कॅनडातल्या कंपनीचं पोर्टल असतं. तिथे संस्था शोधायची, तारीख घालायची, तास घालायचे आणि काय केलं ते लिहायचं. मग संस्थेनं होकार दिला की पैसे सुटतात. ‘काय केलं’ या रकान्यापाशी आमची प्रतिभा फुलते. चपला सांभाळल्या असतील तर ‘कार्यक्रमस्थळाची सुरक्षा’. मसालेभात वाढला असेल तर ‘सामुदायिक अन्नवितरण’. लेझीम शिकवली असेल तर ‘युवकांचं आरोग्य व सांस्कृतिक विकास’. हळदीकुंकवाला दारात उभं राहून अत्तर लावणाऱ्या एकानं ‘पाहुण्यांचं स्वागत आणि सुगंध-व्यवस्थापन’ असं लिहिलं, तेव्हा खजिनदारांनी त्याला आवरलं.

पुन्हा नियम असतात. धर्मप्रसार चालत नाही, राजकीय काम चालत नाही. पहिल्या नियमानं आरतीचे तास गेले. ते ठीक झालं, कारण आमची आरती तशीही लवकर संपते, मागे जेवणाची रांग लागलेली असते. दुसऱ्या नियमानं मात्र कार्यकारिणीत घबराट पसरली. मंडळाची निवडणूक राजकारणात धरतात का? एका माजी अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आपल्याकडे राजकारण अजिबात नाही. एवढं विनोदी वाक्य सभेत पूर्वी कधी बोललं गेलं नव्हतं.

सभांचं मात्र सोनं झालं. कार्यकारिणीची बैठक हीसुद्धा सेवाच, असा निर्वाळा मिळाला. यापूर्वी सभा लांबली की लोक घड्याळ दाखवत, बायकोचा फोन आल्याचं नाटक करत. आता सहा जण २५ डॉलरवाले असतील, तर तीन तासांच्या एका सभेचे ४५० डॉलर होतात. दिवाळीला मसालेभात करायचा की पुलाव, यावर आम्ही इतके मन लावून भांडलो की त्या भांडणाच्या उत्पन्नातून दोन्ही झाले. वर श्रीखंडही निघालं. मुद्दा संपत आला की खजिनदार हळूच विचारतात, “पण कोशिंबिरीचं काय?” मराठी माणसाच्या वाद घालण्याच्या गुणाला जगात कुठे बाजारभाव असेल, असं मला वाटलं नव्हतं.

भावाचं म्हणाल तर त्यावर एकमत नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी स्वयंसेवकाच्या वेळेची किंमत शून्य, तिच्यावर करसवलत मिळत नाही. सेवेसाठी गाडी चालवली तर मैलामागे १४ सेंट वजा करता येतात. हा दर कायद्यातच लिहिलेला आहे आणि १९९८ पासून हललेला नाही. पेट्रोलचं काय झालं ते कायद्याला कोणी सांगितलं नसावं. उलट ‘इंडिपेंडंट सेक्टर’ ही संस्था दरवर्षी स्वयंसेवकाच्या तासाची देशभरची सरासरी किंमत काढते. २०२४ साठी तिनं ३४ डॉलर ७९ सेंट काढली. म्हणजे मी मोदक फाडत होतो तो एकच तास आयकर खात्याला फुकट, कंपनीला २५ डॉलरचा, इंडिपेंडंट सेक्टरला जवळपास ३५ डॉलरचा. काकूंना विचारलं असतं तर मलाच काही द्यावं लागलं असतं.

भारतात हे गणित निराळं आहे. तिथे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानं ठरावीक नफ्याच्या वा उलाढालीच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. पण कर्मचाऱ्यांच्या फुकट सेवेची किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही, असं सरकारनंच सांगून ठेवलं आहे. म्हणून पुण्यातला माझा मावसभाऊ कंपनीच्या बसमधून टेकडीवर जातो, कंपनीच्या टीशर्टमध्ये रोप लावतो, फोटो काढतो, वडापाव खातो आणि परत येतो. त्याच्या घामाचा हिशेब कुणीच ठेवत नाही. फोटोचा मात्र ठेवतात.

आमच्या मातोश्री सहा महिन्यांसाठी इकडे आल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “गाडगेबाबांनी कुठे तास भरले होते रे?” या प्रश्नापुढे मी गप्प बसेन अशी त्यांची अपेक्षा होती. पण गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, हे जितकं खरं, तितकंच त्यांनी लोकांच्या देणगीतून धर्मशाळा बांधल्या हेही खरं. स्वतःसाठी दमडी घ्यायची नाही, पण कामासाठी पैसा उभा करायला लाजायचं नाही, हे त्यांना आमच्या खजिनदारांपेक्षा पुष्कळ आधी कळलं होतं. मातोश्री म्हणाल्या, “म्हणून काय तू स्वतःला गाडगेबाबा समजतोस? आधी घरातला केर काढ.” त्या केराचे तास कुठल्याच पोर्टलवर चढत नाहीत.

थट्टा पुरे. या पैशांचं काय होतं तेही सांगायला हवं. रविवारी आमची मराठी शाळा भरते, ती भाड्याच्या वर्गांत. भाडं, विमा, पुस्तकं, छपाई यांना पैसे लागतात. पालकांकडून फी फार घेतली तर पालक मुलांना पोहायला पाठवतात. आता शिक्षकांपैकी जे योजना असलेल्या कंपन्यांत आहेत त्यांच्या तासांवर शाळेचा बराचसा खर्च निघतो, आणि ज्यांचा दर शून्य आहे त्या काकू, आजोबा, व्हिसामुळे नोकरी करू न शकणाऱ्या वहिनी शाळा खरोखर चालवतात. पंचवीस डॉलरवाले पैसे आणतात, शून्यवाले काम करतात. जगातल्या बऱ्याच संस्था अशाच चालतात, फक्त आमच्याकडे ते आकड्यांत दिसतं.

तेव्हा परदेशातल्या आणि देशातल्या वाचकांनो, उद्या ऑफिसात गेलात की अशी योजना आहे का एवढं विचारा. असली तर मुदत संपण्याआधी तास भरा. खरे तेवढेच भरा, संस्थेचं नाव जातं. आणि वार्षिक सभेत आभार मानताना यादी शून्य दरापासून सुरू करा. त्यानं सभा थोडी लांबेल, पण त्याचेही तास धरतात.